जॅकीची चार मुलं

मैत्रिणींनो, जॅकी केनेडी म्हटलं की तुम्हाला काय आठवतं? डोक्यावरची ती छोटी गोल टोपी, भलामोठा गॉगल, गळ्यातली मोत्यांची माळ. आणि २२ नोव्हेंबर १९६३ चा तो दिवस. डल्लास शहरात उघड्या गाडीत शेजारी बसलेल्या नवऱ्याला, अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षाला, तिच्या डोळ्यांदेखत गोळ्या घातल्या गेल्या. रक्ताचे डाग पडलेला गुलाबी सूट तिनं रात्रीपर्यंत अंगावरून उतरवला नाही. हे सगळं आपण कुठे ना कुठे वाचलेलं असतं.

मी मात्र तिच्याबद्दल वाचत गेले आणि एका अगदी साध्या हिशेबापाशी येऊन अडकले. जॅकीला मुलं किती?

जगाला ठाऊक आहेत ती दोन. मुलगी कॅरोलाइन आणि बापाच्या अंत्ययात्रेत सलाम ठोकणारा छोटा जॉन. पण वॉशिंग्टनजवळ अर्लिंग्टनची मोठी दफनभूमी आहे. तिथं राष्ट्राध्यक्ष केनेडींच्या समाधीशेजारी, कायम तेवत असलेल्या ज्योतीजवळ, जमिनीत बसवलेले चार दगड आहेत. एक नवऱ्याचा, एक जॅकीचा. उरलेले दोन त्यांच्या बाळांचे. एका दगडावर दोन दिवसांच्या अंतराच्या तारखा आहेत. दुसऱ्यावर नावच नाही. नुसतं ‘मुलगी’ असं लिहिलंय आणि एकच तारीख.

त्या दोन दगडांची ही गोष्ट आहे. राजवाड्यासारख्या घरात राहणाऱ्या बाईची असली, तरी आपल्या गल्लीतल्या कितीतरी जणींची वाटावी अशी.

जॅकलिन बूव्हिए हिचा जन्म २८ जुलै १९२९ चा, न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंडवरचा. वडील शेअर दलाल. दिसायला देखणे, पण पैसा आणि संसार दोन्ही हातातून निसटू देणारे. १९४० मध्ये आईवडिलांचा घटस्फोट झाला. त्या काळात तिथल्या बड्या घरांतही ही लाजेची गोष्ट होती. जॅकी पुस्तकांत आणि घोड्यांत रमली. मनातलं बाहेर दिसू द्यायचं नाही, ही सवय तिला बहुधा तेव्हाच लागली असावी. एक वर्ष पॅरिसला शिकली, फ्रेंच साहित्यात पदवी घेतली आणि वॉशिंग्टनच्या एका वर्तमानपत्रात नोकरीला लागली. कॅमेरा घेऊन रस्त्यावर माणसांना प्रश्न विचारायचे, फोटो काढायचे आणि सदर लिहायचं, असं तिचं काम होतं.

१२ सप्टेंबर १९५३ ला तिचं जॉन केनेडीशी लग्न झालं. तो तरुण सिनेटर होता, श्रीमंत होता, सासर भलंमोठं. जॉनला आठ भावंडं, त्याची भावजय म्हणा, बहिणी म्हणा, सगळ्यांची पटापट मुलं होत होती. धाकट्या भावाच्या, रॉबर्टच्या घरात तर पुढे अकरा मुलं झाली. अशा घरात सुनेकडे सगळ्यांचं लक्ष कशाकडे असणार, हे तुम्हाला सांगायला नको!

१९५५ मध्ये जॅकीला पहिल्यांदा दिवस राहिले. पण ते टिकले नाहीत.

पुढच्या वर्षी पुन्हा राहिले. १९५६ च्या ऑगस्टमध्ये शिकागोला पक्षाचं मोठं अधिवेशन होतं. उपराष्ट्राध्यक्षपदाची उमेदवारी मिळावी म्हणून जॉनची धडपड चालली होती. पोटुशी जॅकी त्या गर्दीत, त्या उकाड्यात त्याच्यासोबत होती. उमेदवारी थोडक्यात हुकली. वैतागलेला जॉन युरोपात भूमध्य समुद्रावर मित्रांबरोबर बोटीतून फिरायला गेला. जॅकी आईकडे न्यूपोर्टला आली. २३ ऑगस्टला तिला एकाएकी रक्तस्राव सुरू झाला. घाईघाईनं सिझेरियन केलं. बाळाचे दिवस अजून भरायचे होते. मुलगी होती, मृत जन्मली.

जॅकी शुद्धीवर आली तेव्हा खाटेशेजारी नवरा नव्हता, दीर होता. रॉबर्टनंच तिला सांगितलं. बाळाला पुरण्याची सगळी व्यवस्थाही त्यानंच केली. जॅकी अशक्त होऊन दवाखान्यात पडून होती. जॉन समुद्रावर. त्याच्यापर्यंत निरोप पोचायलाच काही दिवस लागले. आणि पोचल्यावरही तो लगेच निघाला नाही, असं त्याच्या चरित्रकारांनी लिहून ठेवलंय. बाळ तर गेलंच, आता येऊन काय करणार, असा काहीसा त्याचा हिशेब. संसार आणि राजकारण दोन्ही गमवायचं नसेल तर बायकोजवळ जा, असं मित्रानं बजावलं तेव्हा कुठे तो परतला.

मैत्रिणींनो, मला इथं राग येतो. पण खरं सांगू का, हा हिशेब काही फक्त केनेडींच्या घरचा नाही. ‘आता काय उपयोग’, ‘झालं ते झालं’, ‘वय लहान आहे, होईल दुसरं’ ही वाक्यं आपल्याकडच्या बाळंतिणीच्या खोलीतही ऐकू येतात. बोलणाऱ्याच्या मनात वाईट नसतं. पण ज्या बाईला पाचव्या-सहाव्या महिन्यापासून पोटात हालचाल कळत होती, तिच्यासाठी ते ‘झालं ते झालं’ नसतं. तिच्या अंगात दूधही येतं. दुधाला कुठे ठाऊक असतं की बाळ नाही म्हणून!

त्या मुलीचं नाव ॲराबेला ठेवायचं होतं, असं घरातले लोक सांगत. पण नाव घालायची वेळच आली नाही. म्हणून दगडावर नुसतं ‘मुलगी’.

पुढच्या वर्षी, २७ नोव्हेंबर १९५७ ला, कॅरोलाइन झाली. सुखरूप. २५ नोव्हेंबर १९६० ला, जॉन निवडणूक जिंकल्यावर तीनच आठवड्यांत, मुलगा झाला. तोही दिवस भरायच्या आधी, तोही तातडीच्या सिझेरियननं. पहिले काही दिवस त्याला काचेच्या पेटीत ठेवावं लागलं. पण तो तगला. जॅकी एकतीस वर्षांची होती. बाळंतपणातून धड उठली नव्हती तोच व्हाइट हाउसमध्ये राहायला गेली.

पुढची दोन-अडीच वर्षं जगानं तिला डोक्यावर घेतलं. मार्च १९६२ मध्ये ती बहिणीबरोबर आपल्याकडे भारतातही येऊन गेली. आग्र्याचा ताजमहाल, जयपूर, उदयपूरचं सरोवर, वाराणसीची गंगा. तिला बघायला रस्त्यांवर गर्दी लोटली होती. त्या फोटोंतली हसरी, टवटवीत बाई पाहून कुणाला वाटेल की हिची दोनदा कूस रिकामी झालीय?

१९६३ मध्ये ती पुन्हा आई होणार होती. बाळंतपण सप्टेंबरच्या मध्यावर अपेक्षित होतं. आधीचे अनुभव ध्यानात घेऊन तिनं समारंभ, दौरे सगळं बंद केलं होतं. उन्हाळ्यात मुलांना घेऊन ती केप कॉडच्या समुद्रकिनाऱ्यावर राहत होती. ७ ऑगस्टला सकाळी मुलांना घोडेस्वारीच्या शिकवणीला घेऊन गेली आणि तिथंच पोटात दुखायला लागलं. हेलिकॉप्टरनं तिला जवळच्या ओटिस हवाई तळावरच्या इस्पितळात नेलं. दुपारी एकच्या सुमाराला सिझेरियननं मुलगा झाला. साडेपाच आठवडे आधी. वजन साधारण २ किलो १०० ग्रॅम.

जॉन या वेळी वॉशिंग्टनहून विमानानं धावत आला. तो पोचेपर्यंत बाळ जन्मलं होतं आणि त्याला श्वास घेताना त्रास होत होता. लगेच धर्मगुरूंना बोलावून बाळाचा बाप्तिस्मा केला, नाव ठेवलं. पॅट्रिक बूव्हिए केनेडी. आईच्या माहेरचं आडनावही त्या नावात होतं.

बाळाला काय झालं होतं? डॉक्टर त्याला तेव्हा हायलाइन मेंब्रेन डिसीज म्हणत. आपल्या फुप्फुसांत हवेचे बारीक बारीक फुगे असतात. त्यांना आतून एक निसरडा, साबणाच्या पाण्यासारखा थर असतो. तो थर असला की श्वास सोडल्यावर फुगे एकमेकांना चिकटत नाहीत. ओल्या प्लास्टिकच्या पिशवीच्या दोन बाजू कशा घट्ट चिकटतात, तसं हा थर नसला की होतं. दिवस भरत आले की पोटातल्या बाळाच्या फुप्फुसात तो पुरेसा तयार होतो. अपुऱ्या दिवसांच्या बाळाकडे तो कमी असतो. मग प्रत्येक श्वासाला बाळाला पहिल्या श्वासाएवढा जोर लावावा लागतो. काही तासांत बिचारं दमून जातं.

गंमत बघा, किंवा दुर्दैव म्हणा. या आजाराचं खरं कारण हा न बनलेला थर आहे, हे मेरी एलन ॲव्हरी या तरुण डॉक्टरणीनं १९५९ मध्ये, म्हणजे चारच वर्षं आधी, दाखवून दिलं होतं. तेही बॉस्टनमध्येच! कारण कळलं होतं, पण उपाय हाती आला नव्हता. एवढ्याशा जिवाला श्वास देणारी यंत्रंही तेव्हा नेहमीच्या वापरात नव्हती.

संध्याकाळी पॅट्रिकला बॉस्टनच्या मुलांच्या इस्पितळात न्यायचं ठरलं. निघण्याआधी जॉननं बाळाची पेटी जॅकीच्या खोलीत आणवली. तिनं त्याला पाहिलं. तेवढंच. मग अँब्युलन्स निघून गेली. टाके घातलेली आई ओटिसला आणि बाळ सुमारे शंभर किलोमीटरवर बॉस्टनला.

बॉस्टनला डॉक्टरांनी शेवटचा प्रयत्न म्हणून बाळाला जास्त दाबाच्या प्राणवायूच्या मोठ्या खोलीत ठेवलं. जगातल्या सगळ्यात ताकदवान देशाचा प्रमुख इस्पितळाच्या व्हरांड्यात येरझारा घालत होता. अण्वस्त्रांचं बटण हाताशी असलेला माणूस, पण दोन किलोच्या पोराला श्वास देता येत नव्हता. त्याच्या एका जवळच्या सहकाऱ्यानं पुढे लिहिलंय की, त्या रात्री जॉनला तिथं भाजलेलं एक मूल दिसलं. त्यानं त्याच्या आईची चौकशी केली आणि तिला धीराच्या चार ओळी कागदावर लिहून दिल्या. सात वर्षांपूर्वी बोटीवरून न परतलेला हाच तो माणूस.

९ ऑगस्टला पहाटे चारच्या सुमाराला पॅट्रिक गेला. एकूण आयुष्य ३९ तास आणि काही मिनिटं. जॉन बाजूच्या खोलीत दार लावून रडला. मग ओटिसला जाऊन जॅकीपाशी रडला. बाईनं नवऱ्याला असं कोसळलेलं कधी पाहिलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी बॉस्टनला प्रार्थना झाली आणि जवळच्या ब्रुकलाइनच्या दफनभूमीत पॅट्रिकला पुरलं. जॉननं गळ्यातल्या संतांच्या पदकासारखी जपलेली, लग्नात जॅकीनं दिलेली एक वस्तू त्या छोट्या पेटीत ठेवली. पेटीला मिठी मारून तो उभा राहिला. शेवटी कार्डिनलनी त्याला हाताला धरून बाजूला घेतलं.

आणि जॅकी? ती ओटिसच्या खाटेवरच होती. सात वर्षांत दुसऱ्यांदा तिच्या बाळाला तिच्यावाचून मातीत ठेवलं गेलं.

हे वाचताना मला आपल्याकडची रीत आठवली. तान्हं मूल गेलं की त्याला अग्नी देत नाहीत, पुरतात. घरातले दोघे-तिघे पुरुष कापडात गुंडाळून घेऊन जातात. आईनं जायचं नसतं. बारसं बाराव्या दिवशी, म्हणून त्याआधी गेलेल्या बाळाला नावही नसतं. काही दिवसांत कपाटातली लंगोटं, दुपटी कुणीतरी हलवून टाकतं, ‘हिला दिसायला नकोत’ म्हणून. मग त्या बाळाचा घरात उल्लेख होत नाही. माझ्या ओळखीतल्या एक आजी आहेत, ऐंशीच्या पुढच्या. मुलं किती विचारलं की त्या आधी चार म्हणतात, मग कुणी पाहतंय का ते बघून तीन म्हणतात. साठ वर्षं झाली. मन अजून चारच मोजतं.

ऑगस्टच्या १४ तारखेला जॅकी इस्पितळातून बाहेर पडली. तेव्हाचे फोटो आहेत. दोघं एकमेकांचा हात धरून चाललेत. आपल्याला यात काय विशेष वाटेल? पण चारचौघांत कधी जवळीक न दाखवणारं हे जोडपं होतं. दोघांच्या संसारात जॉनच्या वागण्यानं खूप जखमा झालेल्या होत्या, हे आता जगजाहीर आहे. त्या सगळ्या एका दुःखानं भरून आल्या, असं मी म्हणणार नाही. पण त्या वर्षी सप्टेंबरमध्ये लग्नाच्या दहाव्या वाढदिवसाला त्यांना पाहणाऱ्यांना दोघं बदललेली वाटली. दुःख दोघांनी मिळून केलं, म्हणून असेल.

ऑक्टोबरमध्ये मन रमावं म्हणून ती बहिणीसोबत ग्रीसला जाऊन आली. परत आल्यावर प्रचाराच्या दौऱ्यावर नवऱ्यासोबत जायला स्वतःहून तयार झाली. तो दौरा टेक्सासचा. डल्लासचा. बाळाला जाऊन साडेतीन महिनेही झाले नव्हते.

२५ नोव्हेंबरला जॉनची अंत्ययात्रा निघाली. नेमका त्याच दिवशी छोट्या जॉनचा तिसरा वाढदिवस. संध्याकाळी जॅकीनं तोही केला. मुलाचं काय चुकलं होतं!

आणि मग तिनं एक काम केलं, ज्याबद्दल फार लोकांना माहीत नाही. ४ डिसेंबर १९६३ ला रात्री, गाजावाजा न करता, तिनं आपली दोन्ही बाळं अर्लिंग्टनला आणवली. न्यूपोर्टहून सात वर्षांपूर्वीची मुलगी, ब्रुकलाइनहून पॅट्रिक. बिशप होते, घरची मोजकी माणसं होती. बापाच्या एका बाजूला एक, दुसऱ्या बाजूला एक, असं दोघांना ठेवलं. या वेळी आई तिथं स्वतः उभी होती. दोन्ही वेळा राहून गेलेला निरोप तिनं त्या रात्री घेतला.

त्यानंतर ती आणखी तीस वर्षं जगली. १९६८ मध्ये ओनासिसशी दुसरं लग्न केलं, लोकांच्या शिव्या खाल्ल्या. १९७५ मध्ये तो गेल्यावर न्यूयॉर्कला पुस्तकांच्या प्रकाशनसंस्थेत संपादक म्हणून नोकरी धरली आणि शेवटपर्यंत काम केलं. १९ मे १९९४ ला, ६४ व्या वर्षी, कर्करोगानं गेली. तिलाही अर्लिंग्टनलाच ठेवलं. जॉनजवळ आणि दोन्ही बाळांजवळ.

पॅट्रिकसारखी बाळं मात्र हळूहळू वाचू लागली. १९७१ मध्ये बाळाच्या श्वासमार्गात सतत हलका दाब देऊन फुप्फुसं उघडी ठेवायची पद्धत आली. १९७२ मध्ये न्यूझीलंडच्या दोन डॉक्टरांनी दाखवलं की, कळा लवकर सुरू झालेल्या आईला स्टिरॉइडचं इंजेक्शन दिलं तर पोटातल्या बाळाची फुप्फुसं लवकर तयार होतात. १९८० मध्ये जपानच्या डॉ. फुजिवारांनी तो हरवलेला थर औषध म्हणून बाळाच्या श्वासनळीत सोडला. आज पॅट्रिकच्या वजनाचं, त्याच्याएवढ्या दिवसांचं बाळ चांगल्या सोयीच्या ठिकाणी बहुतेक वेळा आईच्या कुशीत घरी जातं.

आपल्याकडेही जिल्हा रुग्णालयांत नवजात बाळांसाठी खास कक्ष आहेत. गडचिरोलीच्या खेड्यांत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी गावातल्याच बायकांना शिकवून घरोघरी तान्ह्या बाळांची काळजी घेतली आणि बालमृत्यू निम्म्यावर आणता येतात, हे १९९९ मध्ये जगाला दाखवलं. आशाताई बाळंतिणीच्या घरी येतात त्यामागे हेच काम आहे. कमी वजनाच्या बाळाला आईच्या उघड्या छातीशी धरून ऊब द्यायची, ती कांगारू पद्धत तर कुणालाही जमण्यासारखी आहे. म्हणून सातव्या-आठव्या महिन्यात पोट राहून राहून दुखायला लागलं, पाणी किंवा रक्त गेलं, तर ‘बघू सकाळी’ म्हणू नका. जिथं बाळाची सोय आहे, तिथं आईला आधी न्या. बाळाला मागून हलवण्यापेक्षा पोटात असतानाच नेलेलं कधीही चांगलं.

आणि इतकं करूनही एखादीचं बाळ हाती लागत नाही. अशी कुणी तुमच्या घरात, शेजारात असेल तर तिला ‘दुसरं होईल’ म्हणू नका. होईलही, पण ते दुसरं असेल. तिला बाळ बघायचं असेल तर बघू द्या, मांडीवर घ्यायचं असेल तर घेऊ द्या. तिच्या नवऱ्यालाही रडू द्या. बाराव्या दिवसाची वाट न बघता, तिनं मनात काय नाव ठेवलं होतं ते विचारा. ती सांगेल. बहुतेक जणींनी ठेवलेलं असतं.